ए-१ शीटची पीडीएफ एवढी जड का होते? पोर्टल फाईल घेत नाहीये

वैदेही_आर्क (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात ड्रॉइंगचं काम बघते. जुनी तीन मजली इमारत पाडून नवीन बांधायची आहे, त्याचा मंजुरीचा सेट तयार केलाय. चार ए-१ शीट आहेत. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून 'डीडब्ल्यूजी टू पीडीएफ'नेच काढल्यात आणि एकच फाईल केलीय.

डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाईल) सगळी मिळून ६ एमबी. पीडीएफ १४८ एमबी! मंजुरीच्या पोर्टलवर २० एमबीच्या वर काही चढत नाही.

पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढायची कमांड) मारून झालं, ऑडिट (फाईलमधल्या चुका दुरुस्त करायची) करून झालं, ढिम्म फरक नाही. पीडीएफ ऑप्शनमधला डीपीआय (इंचाला किती ठिपके) कमी केला तर बारीक अक्षरं फाटतात. एका फुकटच्या ऑनलाइन साइटवर टाकून बघितली, ९ एमबी झाली, पण ०.२३ ची भिंत आहे का ०.२८ ची तेच वाचता येईना. वर सरांची बोलणी खाल्ली की क्लायंटचे नकाशे कुठल्याही साइटवर कशाला चढवता.

पहिल्या शीटवर लोकेशन प्लॅन आणि मोजणी नकाशाचा स्कॅन आहे. दुसऱ्यावर फ्लोअर प्लॅन. तिसऱ्यावर एफएसआयच्या (प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशेबाच्या) रंगीत एरिया डायग्राम. चौथ्यावर सेक्शन, एलिव्हेशन आणि लँडस्केप. नेमकं कुठं बिघडतंय?

सचिन_डी

झिप करून टाका ना.

प्लॉटरवाले_काका (पुणे)

झिपने काही होत नाही हो. पीडीएफच्या पोटातला माल आधीच दाबून भरलेला असतो. १४८ ची फार तर १४५ होईल, आणि पोर्टल झिप घेत नाही ते वेगळंच.

ताई, माझं प्लॉटिंगचं दुकान आहे. दिवसभर आर्किटेक्ट आणि बिल्डरच्या ऑफिसातल्या फायली पेनड्राइव्हवरून येत असतात. कुठली फाईल प्लॉटरला आडवी पाडणार, हे उघडल्या उघडल्या कळायला लागलंय. तुमच्या डीडब्ल्यूजीला काही झालेलं नाही. पर्ज आणि ऑडिटने डीडब्ल्यूजीतली अडगळ जाते. ती अडगळ मुळात पीडीएफमध्ये छापलीच जात नाही, मग फरक पडणार कुठून?

आधी एवढं करा. चारही शीट वेगवेगळ्या पीडीएफ काढा आणि प्रत्येकीचा आकार इथं लिहा. वजन सगळीकडे सारखं पसरलेलं कधीच नसतं. एखादी शीट सगळ्या सेटला बुडवत असते.

मग प्रत्येक फाईल रीडरमध्ये उघडा आणि एखाद्या मोजमापावर ६४०० टक्क्यांपर्यंत झूम करा. रेघ शेवटपर्यंत कोरीव राहिली तर ती खरी रेघ आहे. चौकोनी ठिपके दिसले, कडा पायऱ्यांसारख्या झाल्या, तर तुमचं ड्रॉइंग वाटेत कुठंतरी फोटो बनलंय. 'अक्षरं सिलेक्ट होतात का' ही परीक्षा मात्र घेऊ नका. ऑटोकॅडचा एसएचएक्स फॉन्ट वापरला असेल तर अक्षरंसुद्धा रेघांनीच काढलेली असतात, ती चांगल्या फाईलमध्येही सिलेक्ट होत नाहीत.

फोटो झाला की काय होतं त्याचा हिशेब करून बघा. ए-१ म्हणजे ८४१ बाय ५९४ मिलिमीटर. ३०० डीपीआयला ते साधारण ९,९३० बाय ७,०१५ ठिपके होतात, म्हणजे सात कोटींच्या आसपास. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. दाबायच्या आधीच एका शीटचे २०० एमबीच्या वर. पुढे दाबून किती उतरतं ते चित्रावर आहे. पांढरा कागद जास्त असेल तर बरंच उतरतं, रंगीत हॅच (भाग भरायचा रंग किंवा नक्षी) आणि उपग्रहाचा फोटो असेल तर फार नाही.

वैदेही_आर्क

काका, काढल्या वेगवेगळ्या. शीट १: १९ एमबी. शीट २: २ एमबी. शीट ३: ९६ एमबी (!). शीट ४: ३१ एमबी.

झूम केल्यावर तिसरीत ठिपके दिसतात, अक्षरांनासुद्धा. चौथी कोरीव आहे, पण उघडताना रेघा एकेक करून उमटत राहतात, चहा पिऊन यावं.

प्लॉटरवाले_काका

वाटलंच. तिसरीचं दुखणं ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शकपणा. एफएसआयच्या डायग्राममध्ये बिल्टअप एरियाला सॉलिड हॅच मारलाय, आणि खालच्या भिंती दिसाव्यात म्हणून त्याला ५०-६० ट्रान्सपरन्सी दिलीय, बरोबर? आणि प्लॉटच्या खिडकीत 'प्लॉट ट्रान्सपरन्सी'वर टिक. ती टिक असली की ऑटोकॅड बहुतेक वेळा त्या भागातल्या रेघा, अक्षरं, हॅच सगळं एकत्र कालवून त्याचं चित्र करतं. हॅच तेवढा एक पारदर्शक, आणि त्याच्यापायी अख्ख्या व्ह्यूपोर्टचा (शीटवरच्या ड्रॉइंगच्या चौकटीचा) बळी. ती टिक मुळात ऑटोकॅडने स्वतःहून बंदच ठेवलेली असते. कुणीतरी पेज सेटअपमध्ये चालू केली आणि तो सेटअप ऑफिसभर फिरला, असं होतं.

उपाय सोपा आहे. ट्रान्सपरन्सी शून्य करा. हॅचला गडद रंगाऐवजी फिकट ट्रू कलर द्या: फिकट गुलाबी, फिकट पिवळा, जे चालत असेल ते. मग 'हॅचटूबॅक' ही कमांड मारा. सगळे हॅच एका फटक्यात मागे जातात आणि भिंती, मोजमापं वर येतात. कागदावर दिसायला तेच दिसतं. मग टिक काढून प्लॉट करा. आणि लेयर मॅनेजरमधला ट्रान्सपरन्सीचा कॉलमही बघा, पुष्कळदा लेयरलाच ३० टक्के दिलेले असतात आणि कुणाच्या ध्यानातही नसतं. एक्सरेफ (बाहेरून जोडलेलं ड्रॉइंग) असेल तर त्याच्या लेयरसकट.

पाडायच्या इमारतीला पिवळा हॅच असेल तुमचा. तो तिरप्या रेघांचाच ठेवा, तिथं पारदर्शकपणाची गरजच नाही.

ठिपके तरीही राहिले तर व्ह्यूपोर्ट सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये 'शेड प्लॉट' काय आहे ते बघा. तिथं 'शेडेड', 'रियलिस्टिक' किंवा 'रेंडर्ड' असेल तर पुन्हा चित्रच होणार. 'वायरफ्रेम' हवं.

चौथ्या शीटचं प्रकरण अगदी उलटं. तिथं चित्र नाही, रेघाच फार झाल्यात. सेक्शनमध्ये स्लॅबला एआर-काँक आणि एलिव्हेशनला प्लास्टर म्हणून एआर-सँड (काँक्रीटची आणि वाळूची तयार नक्षी) मारलाय का? एआर-सँडमधला प्रत्येक ठिपका ही पीडीएफच्या दृष्टीने एक वेगळी रेघ असते. कुठून सुरू, कुठं संपली, हे पंचवीस-तीस अक्षरांत लिहून ठेवावं लागतं. असे दहा लाख ठिपके धरा, दाबायच्या आधी २५-३० एमबी झाले. आणि स्केल चुकलं की संपलंच. मंजुरीचं ड्रॉइंग आपण १:१०० ला काढतो, हॅच उचललेला असतो १:१० च्या कुठल्या तरी डिटेलमधून. स्केल दहापट बारीक बसलं तर तेवढ्याच जागेत ठिपके शंभरपट होतात. पडद्यावर तो नुसता करडा पट्टा दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

तेव्हा अशा पट्ट्यावर झूम करून बघा. आत वाळू दिसली तर स्केल वाढवा, नाहीतर सरळ फिकट करडा सॉलिड हॅच मारा. १:१०० ला कुणी वाळूचे कण मोजत बसत नाही.

राहिली झाडं. लँडस्केपला नेटवरून उतरवलेली झाडं लावली असणार, प्रत्येकाची पानं सुटी काढलेली. डीडब्ल्यूजीत त्या ब्लॉकची (एकदा काढून पुन्हा पुन्हा लावायच्या चित्राची) व्याख्या एकदाच साठते, म्हणून ती ६ एमबीत बसते. पीडीएफ काढताना प्रत्येक झाडाची पानं त्याच्या जागी नव्यानं लिहिली जातात. चाळीस झाडं म्हणजे चाळीस वेळा. साधं गोल आणि आत चार रेषांचं झाड करा, त्याला जुन्याच ब्लॉकचं नाव द्या, सगळी झाडं आपोआप बदलतील. तेच कमोडचं, वॉशबेसिनचं आणि गाड्यांचं. फर्निचर कंपनीच्या साइटवरून घेतलेला एकेक सोफा असा असतो की त्याची शिवणही मोजता येते.

ड्रोन सर्व्हे किंवा टोटल स्टेशनवरून आलेले कंटूर (जमिनीच्या उंचीच्या रेषा) असतील तर तेही तपासा. वितावितावर व्हर्टेक्स (रेघेचे सांधे) पडलेले असतात. 'ओव्हरकिल' मारली की निदान एकावर एक बसलेल्या दुहेरी रेघा जातात.

मंदार_बिम

रेव्हिट (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी थोडं. २०२२ पासून रेव्हिटमध्ये स्वतःचा पीडीएफ एक्सपोर्ट आलाय, वेगळा प्रिंटर लागत नाही. पण 'व्हेक्टर प्रोसेसिंग' (रेघा रेघाच ठेवणारं) निवडलं म्हणून निर्धास्त राहू नका. व्ह्यूमध्ये शॅडो, स्केची लाइन्स किंवा डेप्थ क्यूइंग चालू असेल तर तो न विचारता रास्टरवर (ठिपक्यांच्या चित्रावर) जातो. मंजुरीच्या एलिव्हेशनला सावल्या नकोतच. प्रेझेंटेशनचा व्ह्यू डुप्लिकेट करून ठेवा आणि शीटवर साधा हिडन लाइनचा लावा.

अभिजित_२२

एवढी डोकेफोड कशाला? प्रत्येक शीट २०० डीपीआयची जेपेग काढायची आणि जेपेगची पीडीएफ करायची. शीटला ४-५ एमबी. आम्ही नेहमी असंच चढवतो, अडवलं नाही कुणी.

प्लॉटरवाले_काका

अडवलं नसेल, पण माझ्या दुकानात तुमच्यासारख्यांच्याच फायलींवरून भांडणं होतात. जेपेगच्या पीडीएफला स्केल टिकेलच असं नाही. कुणी 'फिट टू पेज' करून बनवतं आणि १:१०० चं १:१०३ होऊन बसतं. छाननीवाला रीडरमधलं मोजायचं टूल लावून मार्जिन (इमारतीभोवती सोडलेली मोकळी जागा) बघतो, तेव्हा ३.०० मीटरचं २.९१ भरतं आणि शेरा पडतो. शिवाय जेपेगमध्ये बारीक लाल रेघेच्या कडेला धूळ बसते. प्रस्तावित काम लाल रंगात दाखवायचं असतं, आणि नेमका लालच जास्त घाण होतो. फोटोला जेपेग बरं, रेघेला नाही.

नीता_जी

पहिल्या शीटबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. १९ एमबी बहुतेक मोजणी नकाशाच्या स्कॅनची आहे. झेरॉक्सवाला ६०० डीपीआय रंगीत स्कॅन देतो आणि आपण तसाच इमेज अटॅच करतो. ए-३ चा नकाशा ३०० डीपीआय, एका बिटचा काळा-पांढरा केला तर दाबायच्या आधीच २ एमबीच्या आसपास असतो. ग्रुप-४ पद्धतीने दाबला की काहीशे केबी. अक्षर उलट स्वच्छ दिसतं. शिक्का आणि सही रंगीत दिसायलाच हवी असेल तर मात्र रंगीतच ठेवा, २०० डीपीआय पुरे.

आणि इमेज कापायची असेल तर आधी पेंटमध्ये कापा, मग अटॅच करा. ऑटोकॅडमधल्या क्लिपने नको तो भाग नजरेआड होतो, तेवढ्यावर फाईल हलकी झाली असं धरून चालू नका.

फाईलमध्ये कशाचं किती वजन आहे हे बघायला ॲक्रोबॅट प्रोमध्ये सोय आहे: सेव्ह ॲज अदर, ऑप्टिमाइज्ड पीडीएफ, आणि तिथं 'ऑडिट स्पेस युसेज'. इमेजेसला ९० टक्के दाखवलं तर काकांचा पहिला रोग (चित्राचा), कंटेंट स्ट्रीम्सला दाखवलं तर दुसरा (रेघांचा). प्रो नसेल तर फुकटचं घोस्टस्क्रिप्ट आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, नकाशे बाहेर जात नाहीत. त्यातलं 'ईबुक' सेटिंग रंगीत इमेज १५० डीपीआयवर आणतं, 'प्रिंटर' ३०० वर. रेघांना ते हात लावत नाही, त्यामुळे चौथ्या शीटला त्याचा उपयोग शून्य. तिथं हॅचच सुधारायला हवा.

वैदेही_आर्क

झालं! तिसरीची ट्रान्सपरन्सी काढली, हॅच मागे टाकले: ९६ ची थेट १.८ एमबी. सरांना दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दाखवल्या, त्यांना फरक ओळखता आला नाही. चौथीत एआर-सँडचं स्केल खरंच चुकलेलं होतं, १:१० च्या डिटेलमधूनच आलं होतं. ते आणि झाडं बदलून ३.४. स्कॅन दोन रंगांत केला, लोकेशनचा फोटो १५० वर आणला, पहिली शीट २.६. दुसरी तशीच. सगळं मिळून दहाच्या आत.

एकच शंका. सरांची डिजिटल सही घ्यायची आहे. चारही फायलींवर आधी सही करून मग जोडू, का जोडून मग सही?

प्लॉटरवाले_काका

आधी जोडा, हलकी करा, पानं आडवी-उभी करायची असतील ती करा. सही सगळ्यात शेवटी. सहीनंतर फाईल नुसती कॉम्प्रेस केली किंवा त्यातलं एक पान फिरवून सेव्ह केलं तरी सही अवैध दाखवते. आणि सही झालेली फाईल 'प्रिंट टू पीडीएफ'मधून पुन्हा काढली तर सहीचं नुसतं चित्र उरतं, सर्टिफिकेट जातं. पोर्टलवर चढवायच्या आधी रीडरमध्ये सिग्नेचर पॅनल उघडून हिरवी खूण बघून घ्या. तिथं 'व्हॅलिडिटी अननोन' आलं तर घाबरू नका. त्या कॉम्प्युटरवर सर्टिफिकेट देणाऱ्याला ट्रस्टेड केलेलं नसतं, तेवढंच. सहीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधून ते करता येतं.