शाळेतल्या निदर्शनांवरून घरात वाद, मदत हवी आहे

मुलगी नववीत आहे, शाळेतली काही पोरं शुक्रवारी तास बुडवून निदर्शनं करणारेत आणि हिलाही जायचंय. मी नको म्हटलं तर लगेच ऐकवलं की स्वीडनची ग्रेटा थनबर्ग २०१८ मध्ये हवामान बदलासाठी शाळा बुडवून निदर्शनं करायला लागली तेव्हा १५ वर्षांचीच होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम १५, मुलांना शांततेने एकत्र जमायचा हक्क आहे (हे बरं पाठ असतं!). मत असावं, माझी ना नाहीच. पण एक सर वर्गातच एका पक्षाची बाजू घेऊन बोलतात म्हणे, मग हे हिचं मत की सरांचं हेच कळेना. वर गर्दीत ढकलाढकली झाली, कोणी फोटो व्हायरल केला तर? आधी शाळेत जाऊन बोलू की तिच्याशीच नीट बसून? कोणाला असा अनुभव आलाय का?