अनुभव धागा: फॉन्डंटची फुलं, आणि ज्याच्यासाठी केली तो माणूस

ओव्हनवाली

येत्या जूनमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. हॉल वगैरे नको, घरीच जेवण, आणि केक मी करणार, असं जाहीर करून बसले आहे. वर फॉन्डंटची, म्हणजे केकवर लाटून घालतात त्या साखरेच्या मऊ गोळ्याची, फुलंच हवीत, कारण एक जुना हिशेब चुकता करायचाय.

तो असा. १४ फेब्रुवारी २०१६. हे चेन्नईहून परत यायचे होते. मी दोन दिवस खपून १२ लाल गुलाब वळले. पांढरं फॉन्डंट लाल करायला किती रंग लागतो याची मला कल्पनाच नव्हती. अर्धी बाटली ओतली तरी गुलाबीच्या पुढे जाईना. स्पंजला व्हिप क्रीम, त्यावर फॉन्डंटची चादर, त्यावर गुलाब, आणि सगळं फ्रीजमध्ये. गाडी साडेचार तास लेट. केक बाहेर काढला आणि दहा मिनिटांत त्याला दरदरून घाम फुटला. गुलाबांतून लाल ओघळ पांढऱ्या चादरीवरून खाली ताटात. ह्यांनी बूट काढता काढता विचारलं, "कुणाचा मुडदा पाडलास?"

तर मंडळी, कृती नकोत, त्या कुठेही मिळतात. कोणासाठी केलात, काय फसलं, काय जमलं, ते सांगा.

साखरेचे_हात

ताई, गुन्हेगार व्हिप क्रीम. फॉन्डंट म्हणजे शेवटी साखर, तिला ओल मिळाली की ती सुटणारच. खाली गनाश लावा, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. डार्क चॉकलेट असेल तर दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, व्हाइट असेल तर तीनाला एक. रात्रभर बसू द्या, मग चादर घाला. आणि लाल फॉन्डंट सरळ तयार आणा. घरीच रंगवायचं असेल तर जेल रंग घालून, घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी आपोआप गडद झालेलं असतं. रंगाचा मारा केला तर फॉन्डंट चिकट होतं आणि चवीला कडू.

मी ठाण्यात ऑर्डरी घेते. त्यातली एक सांगते. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला अबोलीचा गजरा. म्हणाले, "केकवर अशी फुलं पाहिजेत. गुलाब नको, गुलाब सगळे देतात." मी म्हटलं, आजोबा, एवढी बारीक फुलं, वेळ लागेल. तर म्हणाले, "लागू दे. तीन दिवस घरात अबोला आहे. चूक माझी आहे. तोंडाने सांगायला जमत नाही."

अबोलीला सरळ गोल पाकळ्या नसतात. एका देठावर पंखा उघडल्यासारखी ती एकाच बाजूला पसरते. साचा कुठेच मिळाला नाही. क्रॉफर्ड मार्केट पालथं घातलं, मग घरी येऊन छोट्या गोल कटरने चकत्या पाडल्या, ब्लेडने चिरा दिल्या आणि टूथपिकने लाटल्या. रंग तर त्याहून वाईट, केशरीत चिमूटभर गुलाबी टाकली की अबोली, दोन चिमटी पडली की कोळंबी. साधारण १४० फुलं केली. अर्धा किलोचा केक आणि त्यावर गजरा गोल फिरवलेला. पैसे घेताना मलाच लाज वाटली, पण घेतले, धंदा आहे.

दुसऱ्या दिवशी आजींचा फोन आला, "यांनी ही फुलं खायची असतात असं सांगितलंय, खरं का?" म्हणजे बोलणं सुरू झालं होतं.

मठ्ठा

पण फॉन्डंट खातं कोण? आमच्याकडे सगळे सोलून बाजूला ठेवतात. चिंचेच्या चिंचोक्यासारखं.

साखरेचे_हात

सोला की! गजरा तरी कुठे खातो आपण?

रत्नांग्रीकर

मी पुरुष आहे, हे आधी सांगतो, कारण बेकिंगच्या धाग्यावर लोक मला ताई म्हणतात.

ओव्हन नाही. केक कुकरमध्ये. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, त्यावर स्टँड, त्यावर डबा. चाळीस-पन्नास मिनिटं मंद आचेवर. स्पंज उत्तम होतो, यात वाद नको. वाद फुलांशी होता.

महिना जुलै. कोकणातला जुलै ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. इथे पापड सुकत नाहीत तिथे साखरेच्या पाकळ्या काय सुकणार! बायकोच्या अंगणात तांबडी जास्वंद आहे, तीच करायची ठरवली होती. फॉन्डंटमध्ये सीएमसी पावडर मळली की ते सुकून कडक होतं, पाव किलोला छोटा चमचाभर पुरते. पाच पाकळ्या स्टीलच्या चमच्यांत ठेवल्या म्हणजे बाक येतो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाकळ्या तशाच लुळ्या, चमच्याला चिकटलेल्या. पंखा लावला. लाइट गेली. शेवटी हवाबंद डब्यात तळाला तांदूळ पसरून त्यावर कागद आणि कागदावर पाकळ्या, असे तीन दिवस ठेवल्या. कडकडीत नाही म्हणणार, पण उभ्या राहण्याइतक्या झाल्या. मधली दांडी शेवईची, टोकाला पिवळा रवा चिकटवला. ही युक्ती माझी स्वतःची, कुणी चोरली तरी चालेल.

तिने केक पाहिला. दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "जास्वंद गणपतीला वाहायची, केकवर कसली लावतोस?" आणि ती जास्वंद उचलून खरंच देव्हाऱ्यात ठेवली. कापताना केक बोडका. पण सांगतो, आठ दिवस ते फूल देवापुढे होतं, निर्माल्यात टाकायला तिला जमेना. नवव्या दिवशी मुंग्यांनी निर्णय घेतला.

संत्र्याची_साल

नागपूरकरांसाठी सूचना. उन्हाळ्यात फॉन्डंटचं काम करताना कूलर लावू नका. मी मे महिन्यात लावला, गार वाटावं म्हणून. कूलरची हवा ओली, पाटावर सगळं चिकचिक. बंद केला तर मीच वितळायला लागली. शेवटी रात्री दोन ते पाच असं काम केलं, नवरा शेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होता, मला, केकला नाही. आमचा रोमान्स तोच, केक तर तुटका निघाला.

काजूगर

तुम्ही सगळे फॉन्डंटला नवीन पाहुणा समजताय. आमच्या गोव्यात ईस्टरला मार्झिपानची, म्हणजे बदामपूड आणि साखरेच्या गोळ्याची, अंडी आणि फुलं कधीपासून होतात. बदाम महाग, म्हणून काजू. काजूची पूड आणि साखर मंद विस्तवावर घोटायची, गोळा व्हायला लागला की उतरवायचा, हाताला सोसेल एवढा गरम असतानाच मळायचा. जास्त मळलात तर तेल सुटतं आणि मग ते कशाच्याच कामाचं नाही.

आमची शेजारीण, मी तिला माई म्हणायचो, हातानेच गुलाब वळायची, साचा नाही, काही नाही. आधी कळी, तिच्याभोवती तीन पाकळ्या, मग पाच, मग सात. पाकळीची कड अंगठ्याने इतकी पातळ करायची की पलीकडचा दिवा दिसावा. मी तिच्याकडून शिकलो आणि लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला बाथचा केक केला, म्हणजे रवा आणि नारळाचा, वर काजूचे गुलाब. माझी बायको साताऱ्याची. तिने गुलाब तोंडात टाकला आणि म्हणाली, "ही काजूकतली आहे." खरं तर तिचं फार चुकलं नव्हतं. पण सोलून बाजूला कोणी ठेवला नाही, मठ्ठासाहेब.

बर्फातली_बाई

न्यू जर्सीहून लिहितेय. तुमच्याकडे ओल, आमच्याकडे उलटं. जानेवारीत हीटर चालू असतो, घरातली हवा इतकी कोरडी की फॉन्डंट लाटून केकवर घालेपर्यंत कडेला हत्तीच्या कातड्यासारख्या सुरकुत्या. मी थोडी ग्लिसरीन आणि हाताला डालडा लावून मळते, झाकलेलं ठेवते आणि लागेल तेवढंच काढते. फुलं मात्र रात्रीत दगड होतात. गेल्या वेळी मोगऱ्याच्या ४० कळ्या केल्या. इथे मोगरा नाही, म्हणून. नवरा दक्षिण भारतीय, त्याला वाटलं वर तांदळाची उकड लावलीय.

चतुर्थीची_चंद्रकोर

आमचा लग्नाचा वाढदिवस संकष्टीला आला. चंद्रोदय रात्री साडेनऊला. केक अंड्याशिवाय केला होता, सासूबाई खूश. मग त्यांनी फॉन्डंटचं पाकीट हातात घेऊन चष्मा लावून वाचलं. जिलेटिन. हाडांपासून करतात हे त्यांना माहीत होतं. संध्याकाळी सात वाजता चादर सोलून काढली, मोदकांच्या सारणाचं ताट बाजूला सारलं आणि जिलेटिनऐवजी चायना ग्रास (समुद्री शेवाळाचं असतं ते) भिजत घालून घरचं फॉन्डंट करायला बसले. फुलं काही झाली नाहीत. सासूबाईंनी दूर्वांच्या जुडीकडे बघून सुचवलं, "हिरवं घाल वरून." हिरव्या फॉन्डंटच्या २१ दूर्वा. इतका कमी रोमँटिक केक या धाग्यावर दुसरा नसेल.

निनावी

मी चार वर्षांपूर्वी एकासाठी निळी गोकर्णं केली होती. केक द्यायच्या आदल्या दिवशी त्याने नाही म्हणून सांगितलं. केक मैत्रिणींनी खाल्ला. फुलं बुटाच्या खोक्यात, कपाटात वर. आज हा धागा वाचून काढून पाहिली. एकही तुटलेलं नाही. फक्त दोन फिकट पडलीत.

ओव्हनवाली

केला. सांगते.

गुलाबांचा नाद सोडला. साखरेच्या हातांची अबोली वाचून डोक्यात सोनचाफा बसला. हे नोकरीला दादरला असताना स्टेशनबाहेरून सोनचाफा आणायचे, पानात बांधलेला, शर्टाच्या खिशात. डोंबिवलीपर्यंतच्या गर्दीत चेपून यायचा, कडा तपकिरी झालेल्या. म्हणून तसाच केला. लांब अरुंद पाकळ्या, बाहेरच्या थोड्या मुडपलेल्या, पिवळ्यात केशरी, आणि कडेला कोरड्या ब्रशने तपकिरी रंगाचा हात. मुलगी म्हणाली, आई, ही शिळी दिसतात. म्हटलं, बरोबर आहे.

डार्क गनाश, वर मोजकी सात फुलं. फ्रीजमध्ये ठेवला नाही, एसीच्या खोलीत ठेवला. घाम नाही, ओघळ नाही. ह्यांनी आधी फूल उचललं, नाकाला लावलं आणि म्हणाले, "वास येत नाही." मग उठून चपला घातल्या आणि कुठे जातो न सांगता बाहेर पडले. पाऊण तासाने आले. खिशात काय असणार ते तुम्हाला कळलंच असेल. केक तोवर तसाच, मेणबत्तीसकट.

खरा चाफा केकवर नाही ठेवला हं, बाजूला वाटीत ठेवला. उरलेली साखरेची चार आहेत. कशात ठेवू?

साखरेचे_हात

पुठ्ठ्याच्या खोक्यात, उन्हापासून लांब. फ्रीजमध्ये अजिबात नको. आणि पाकळ्यांत तार घातली असेल तर खोक्यावर लिहून ठेवा, नातवंडं खातात.