पीपीसीच्या स्लॅबमध्ये आणखी राख मिसळावी का?

प्रश्न (कामठी, जि. नागपूर):
घराचा स्लॅब लवकरच भरायचा असून त्यासाठी पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना, म्हणजे राख मिसळलेले) सिमेंट आणले आहे. खापरखेडा वीज केंद्राची राख जवळच मिळते, ती थोडी मिसळली तर सिमेंट वाचेल, असे ठेकेदार म्हणतात. याउलट, राखेचे सिमेंट मुळातच कच्चे असते, तेव्हा ओपीसी ५३च (राख नसलेले साधे पोर्टलँड सिमेंट, ५३ ग्रेड) आणा, असा शेजारच्या जुन्या मिस्त्रींचा आग्रह आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर १:
ठेकेदाराला कृपया स्पष्ट नकार द्या. भारतीय मानक आयएस १४८९ (भाग १) नुसार पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) कारखान्यातच मिसळलेली असते. त्यात साइटवर घमेल्याने भर घातली, तर एकूण प्रमाण किती झाले हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय सगळी राख सारखी नसते. काँक्रीटला लागणारी बारीक, कोरडी राख चिमणीपूर्वीच्या ईएसपी (विजेच्या भाराने धुरातील राख ओढून घेणाऱ्या) यंत्रणेत पकडली जाते, तर पाण्याबरोबर तळ्यात सोडलेली राख जाडसर असते आणि तीत न जळलेला कोळसाही असू शकतो. ट्रॉलीने येणारी राख बहुधा हीच असते. ती भरावाला चालेल, स्लॅबला नाही.

मिस्त्रींच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, की पीपीसीला ताकद येते, फक्त सावकाश येते. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेत मोकळा होणारा चुना राखेतील सिलिकाशी हळूहळू संयोग पावतो, त्यातून काँक्रीटची छिद्रे भरत जातात आणि २८ दिवसांनंतरही हे काम चालूच राहते.

उत्तर २:
या क्रियेला पाणी लागते, आणि बहुतेक ठिकाणी घात होतो तो इथेच. काँक्रीटचे मानक आयएस ४५६ ओपीसीसाठी किमान ७ दिवस, तर पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस ओलावा सांगते आणि तो १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस करते. विदर्भातल्या उन्हात सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारून भागत नाही. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवून ठेवा.

उत्तर ३:
आमच्या रत्नागिरीकडे खाऱ्या हवेमुळे सळया गंजतात, म्हणून लोखंडाच्या झोतभट्टीतील स्लॅग (मळी) मिसळलेले पीएससी (पोर्टलँड स्लॅग सिमेंट) आम्ही पसंत करतो. कामठीत त्यासाठी धावपळ करण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. गाळा (स्लॅबच्या दोन आधारांमधले अंतर) साडेचार मीटरपेक्षा थोडा कमी आहे. टेकू ७ दिवसांनी काढावेत का?

उत्तर २:
नाही. ती मुदत ओपीसीसाठी आहे. पीपीसी असल्याने, विशेषतः थंडीत, टेकू १४ दिवस तरी हलवू नका आणि काढण्यापूर्वी अभियंत्यांना विचारा.