बाबांची पासवर्डची डायरी ठेवायची की पासवर्ड मॅनेजर घ्यायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा ७२ वर्षांचे, साताऱ्याला आई आणि ते दोघंच असतात, मी पुण्यात. नेटबँकिंग, इन्कम टॅक्स, पेन्शन, आयआरसीटीसी, वीजबिल, सगळे पासवर्ड एका जुन्या डायरीत. गेल्या महिन्यात बाबा आठ दिवस ॲडमिट होते, मेडिक्लेमचे कागद काढायला आईने डायरी दिली तर एकेका पानावर चार चार पासवर्ड खोडलेले, शेवटचा कुठला तेच कळेना, त्यात शून्य की इंग्रजी ओ हा घोळ. बाबा सलाइन लावलेला हात हलवत सांगतायत "अगं मी शून्याच्या पोटात रेघ मारतो", पण रेघ पार पुसट झालेली. तीन वेळा चुकलं आणि खातं लॉक. आईचा चेहरा बघवत नव्हता.

भाऊ म्हणतो बिटवॉर्डन टाक, म्हणजे सगळे पासवर्ड एका जागी कुलूपबंद ठेवणारं ॲप (पासवर्ड मॅनेजर), ओपन सोर्स आहे (कोड कोणालाही बघता येतो), फुकटात काम होतं, ते उघडणारा एकच मास्टर पासवर्ड लक्षात ठेवला की झालं. पण तोच विसरला तर कंपनीसुद्धा आपल्याला काढून देऊ शकत नाही, आणि बाबांना २०२२ चं लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरचं प्रकरण पक्कं माहितीये, ग्राहकांच्या व्हॉल्टचा (पासवर्डच्या तिजोरीचा) बॅकअपच चोरीला गेला होता. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले (किल्लीशिवाय वाचता न येणारे) होते हे खरं, पण ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा त्यांना धोका होताच. बाबा म्हणतात माझी डायरी चोरायला चोराला साताऱ्यात आमच्या कपाटापर्यंत यावं लागेल. मला त्यांचं हे अगदी पटतं, पण डायरी भिजली, हरवली तर दुसरी प्रत नाही ना. कीपास नावाच्या मॅनेजरमध्ये पासवर्डची फाइल आपल्याच कंप्युटरवर राहते, पण तिचा बॅकअप घेणार कोण, बाबा तर नाहीच.

सध्या डोक्यात असं आहे की सगळं मॅनेजरमध्ये भरायचं, चार-पाच शब्दांचा लांब मास्टर पासवर्ड करायचा आणि तो कागदावर सुवाच्य लिहून पाकिटात बंद करून कपाटाच्या लॉकरमध्ये, आईला माहीत असेल असा. यात काही धोका दिसतोय का? बिटवॉर्डनच्या पेड प्लॅनमधलं इमर्जन्सी ॲक्सेस कोणी आईवडिलांसाठी लावलंय का, आपण ठरवलेल्या माणसाने मागितलं आणि ठरलेल्या दिवसांत नकार दिला नाही की त्याला उघडतं म्हणे, प्रत्यक्षात नीट चालतं का?

आणि मुख्य म्हणजे ओटीपी बाबांच्याच फोनवर येतो आणि त्या फोनचा पिन आईला माहीतच नाही, त्याचं तुम्ही घरी काय केलंत?