प्लॅनिंग कमिशनची खुर्ची अचानक रिकामी झाली: जुन्या यादीतला पुढचा बसवायचा की पुन्हा अर्ज मागवायचे?

ताकभात (धागाकर्ता)

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या आमच्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण सिटी कौन्सिलमधल्या एका बाईंशी गणपतीत आरतीला गाठ पडते. तर गावाचं प्लॅनिंग कमिशन सात जणांचं. कुठे काय बांधायचं, किती मजले, पार्किंग किती, हे आधी या सातांपुढे येतं. त्यांची निवडणूक होत नाही. कौन्सिल नेमतं, मुदत चार वर्षांची. गेल्या महिन्यात एका सदस्याची नोकरी टेक्ससला हलली, त्याने राजीनामा दिला आणि गेला. त्याची १४ महिन्यांची मुदत शिल्लक आहे.

नेमका पुढच्याच बैठकीत बार्ट (इथली लोकल रेल्वे) स्टेशनजवळचा विषय आला. बंद पडलेल्या दुकानांच्या जागी ६० घरांची इमारत. मतं पडली ३-३. बरोबरी झाली की ठराव पडतो. बिल्डर आता कौन्सिलकडे अपिलात गेलाय.

माझं म्हणणं साधं आहे. आठ महिन्यांपूर्वी दोन जागांसाठी ११ अर्ज आले होते. कौन्सिलने सगळ्यांच्या मुलाखती उघड बैठकीत घेतल्या. तिसऱ्या क्रमांकाच्या बाई एका मताने हुकल्या. त्यांना फोन करा आणि बसवा. पुन्हा अर्ज, छाननी, मुलाखती म्हणजे तीन महिने गेले. तोवर दर बैठकीला टाय टाय फिश.

उंटावरचा शहाणा

असहमत. कॅलिफोर्नियात यासाठी मॅडी कायदा आहे. मुदतीआधी जागा रिकामी झाली की २० दिवसांत तशी नोटीस लावायची, आणि नोटीस लागल्यापासून कामकाजाचे निदान १० दिवस अंतिम नेमणूक करायची नाही. हे दहा दिवस कशासाठी ठेवलेत? आठ महिन्यांपूर्वी ज्याची पोरं फार लहान होती, किंवा जो तेव्हा गावात राहायलाही आला नव्हता, त्याला अर्ज करता यावा म्हणून. नाव आधीच ठरलेलं असेल तर ती नोटीस म्हणजे साखरपुडा झाल्यावरचे कांदेपोहे.

ताकभात

नोटीस रीतसर लागलीय. क्लार्कच्या ऑफिसात आणि वेबसाइटवर. दहा दिवस सोमवारी पूर्ण होतात, मंगळवारी कौन्सिलची बैठक. कायदा थांबा म्हणतो, नव्याने मुलाखती घ्या असं कुठे म्हणत नाही.

उंटावरचा शहाणा

कायद्यात बसतं म्हणून शोभतंच असं नाही. आणि इतकं अडलंच असेल तर त्याच कलमात सोय आहे. कौन्सिलने आणीबाणीची परिस्थिती आहे असं ठरवलं, तर जागा ताबडतोब भरता येते. फक्त तो माणूस हंगामी, अंतिम नेमणूक होईपर्यंतच. एका इमारतीवर ३-३ झालं ही आणीबाणी आहे असं म्हणायची तुमच्या कौन्सिलची तयारी आहे का? नसेलच.

दुसरं, १४ महिन्यांसाठी म्हणून बसवलेला माणूस १४ महिन्यांनी उठत नाही. मुदत संपली की तो 'अनुभवी सदस्य' म्हणून पुन्हा अर्ज करतो आणि पुढची चार वर्षं त्याचीच. म्हणजे तुम्ही आज सव्वापाच वर्षांचा निर्णय मुलाखतीशिवाय घेताय.

आणि खरं सांगा, त्या बाई ६० घरांच्या बाजूच्या आहेत ना?

ताकभात

आहेत. मलाही ती इमारत हवीय, लपवत नाही. माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाई दूरच्या ट्रेसी गावाहून रोज गाडी हाकत येतात, इथलं भाडं परवडत नाही म्हणून.

पण तुम्ही हिशेब करा. सात जणांत ठराव मंजूर व्हायला चार मतं लागतात. एक खुर्ची रिकामी असली तरी सहांतही चारच लागतात. पाडायला मात्र सातांत चौघं लागायचे, आता तिघं पुरतात. रिकामी खुर्ची तटस्थ नसते हो, ती दर बैठकीला 'नको' म्हणते. सुनावणी पुढे ढकलत राहावी तर २०१९ च्या एसबी ३३० या राज्याच्या कायद्याप्रमाणे नियमांत बसणाऱ्या घरबांधणीच्या प्रकल्पावर पाचपेक्षा जास्त सुनावण्या घेता येत नाहीत, आणि तहकूब केलेलीही मोजली जाते.

आलेपाक

मी याच गावातली, त्या इमारतीच्या विरोधात दोनदा बोलून आलेली. 'नको' हा शब्द इतका वाईट आहे का? तीन माणसांना पटलं नाही म्हणून पडला ठराव. बिल्डरला कौन्सिलचं दार उघडं आहेच.

आता गंमत ऐका. त्या तिसऱ्या क्रमांकाच्या बाईंचं भाड्याने दिलेलं एक घर त्याच रस्त्यावर आहे. ते मुलाखतीत त्यांनीच सांगितलं होतं. नेमणूक झाली की ३० दिवसांत आर्थिक हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म ७०० भरायचा, त्यात अशी मिळकत लिहायची, आणि तो कुणालाही बघता येतो. आपली मिळकत प्रकल्पापासून ५०० फुटांच्या आत असेल तर हितसंबंध आहेच असं धरून चालतात, त्या विषयापुरतं उठून बाहेर जावं लागतं. म्हणजे तुम्ही घाईघाईने बाई बसवणार, बाई उठून जाणार, आणि पुन्हा ३-३!

ताकभात

हे डोक्यात आलं नव्हतं. काल रात्री नकाशा काढून मोजलं. त्यांच्या हद्दीपासून प्लॉटच्या हद्दीपर्यंत साधारण ६२० फूट येतात. ५०० ते १००० मध्ये आपोआप बंदी नाही. त्या घराच्या किमतीवर, वापरावर, रहदारी-गोंगाटावर फरक पडेल का ते बघतात.

आलेपाक

चार मजले उठल्यावर रहदारीवर फरक पडणार नाही असं म्हणणारा वकील मला भेटायचाय.

निवृत्त नकाशावाला

महाराष्ट्रात नगररचनेच्या कामात हयात गेली, म्हणून मध्ये बोलतो. आपल्याकडे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्यावरच्या हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती असते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. तिथेही फार तर सातच खुर्च्या. पण ती समिती आराखड्यापुरती. तुमच्यासारखी दर पंधरा दिवसांनी सामान्य माणसासमोर बसणारी नव्हे.

रिकाम्या खुर्चीची सवय झाली की काय होते ते आम्ही पाहिले आहे. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त उरली होती, म्हणजे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. झाली नाही. डिसेंबरात उच्च न्यायालयाने निवडणूक घ्या म्हटले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि पुण्याला २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदार नव्हता. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. त्यामुळे कोण बसतो यापेक्षा कधी बसतो याकडे माझे लक्ष असते. ताकभात यांच्याशी सहमत.

उंटावरचा शहाणा

नकाशावाले काका, आदर ठेवून सांगतो, ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. पुण्यात लोकांना विचारायचं टाळलं म्हणून तुम्ही चिडलात. बापटांच्या जागी मागच्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर आलेला उमेदवार आणून बसवला असता तर तुम्हाला चाललं असतं का?

निवृत्त नकाशावाला

नसते चालले. मुद्दा मान्य. पण तिथे मतदार होते, इथे नेमणारे तेच पाच-सात जण आहेत आणि त्यांनी ते ११ चेहरे आठच महिन्यांपूर्वी पाहिले आहेत. किती शिळे होणार?

सखू सॅनहोजेकर

तुम्ही सगळे 'पुन्हा अर्ज मागवा, मागवू नका' म्हणताय, अर्ज कोण करू शकतं ते बघितलं का? मी अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत. मत देता येत नाही, पण २०१९ च्या एसबी २२५ पासून राज्याच्या कायद्यात नेमणुकीच्या पदाला नागरिकत्वाची अट नाही. १८ वर्षं पूर्ण आणि राज्यातला रहिवासी, बस. हे मला कळल्यावर मी आमच्या शहराचा अर्ज उघडला, तर त्यात 'नोंदणीकृत मतदार आहात का' असा चौकोन. क्लार्कला विचारलं. ती म्हणाली, रिकामा सोडा, आम्ही वकिलांना विचारतो. चार महिने झाले, अजून विचारतायत.

म्हणून माझं मत उंटावरच्या शहाण्यांना. जुन्या यादीत माझ्यासारखी एकही नसणार. कुणी फिरकलंच नाही, कारण करता येतं हेच ठाऊक नव्हतं. (अवांतर: व्हिसावर असताना बैठकीचं मानधन घ्यायचं की नाही ते आपापल्या वकिलाला विचारा, मला नाही.)

ताकभात

सखूताई, हा मुद्दा मला लागला. आमचा अर्ज उघडून पाहिला, आमच्याकडेही तोच चौकोन.

बरं, एवढं कबूल करतो: दहा दिवसांत जे नवे अर्ज येतील त्यांच्या मुलाखती मंगळवारीच घ्याव्यात, जुन्या ११ पैकी ज्यांना अजून इच्छा आहे त्यांच्याबरोबर, आणि त्याच रात्री मत. आज सकाळपर्यंत नवे तीन अर्ज आलेत. तीन मुलाखतींना तीन महिने लागत नाहीत.

उंटावरचा शहाणा

हे चालेल. फक्त ६२० फुटांचा प्रश्न बाईंना मुलाखतीतच विचारा, नेमल्यावर नको.

आलेपाक

मला नाही चालत. अपील निकालात निघेपर्यंत जागा भरूच नये, असं मी मंगळवारी बोलणार आहे. माणशी तीन मिनिटं मिळतात.

ताकभात

जरूर बोला. माझ्याच गाडीतून चला हवं तर. सातनंतर सिटी हॉलला पार्किंग मिळत नाही.

आलेपाक

पार्किंग मिळत नाही ना? मी दोन बैठका तेच सांगतेय.