रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं बघायचीत, कुठून सुरुवात करू?

मीनल_डोंबिवली
नमस्कार मंडळी, डिसेंबरात रत्नागिरीला मावशीकडे चाललोय, बरोबर आई आणि आठवीतली मुलगी. दरवेळी गणपतीपुळे, पावस, थिबा पॅलेस हेच होतं, यावेळी मुलीने कातळशिल्पंच, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रंच बघायची म्हणून हट्ट धरलाय, शाळेत कोणीतरी कशेळीच्या कोरलेल्या हत्तीचा ड्रोनने काढलेला फोटो दाखवला तेव्हापासून दुसरा विषय नाही. गूगल मॅपवर ढीगभर ठिकाणं दिसतायत पण गाडी कुठपर्यंत जाते, कुठे किती चालायचं काहीच कळत नाही. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालेल पण चढ-उतार नको. आणि ही शिल्पं नक्की किती जुनी? एकजण दहा हजार वर्षं म्हणतो, दुसरा वीस, गावात विचारलं तर पांडवांनी काढली म्हणतात. मुलीला काय सांगू?

सड्यावरचा
ताई, आमच्याकडे येताय, बरं वाटलं. आईंच्या गुडघ्यांची काळजी करू नका, कातळशिल्पं असतात सड्यावर आणि सडा म्हणजे जांभ्याचं, त्या लाल सच्छिद्र दगडाचं, सपाट माळरान, एकदा गाडी वर चढली की चढ संपला. फक्त कातळ खडबडीत असतो, चपला घालून नका येऊ, बूट घाला.

तुमच्याकडे वेळ कमी असेल तर मी उक्षी आणि कशेळी म्हणेन, पण दोन्ही एका दमात करू नका, दोन टोकांना आहेत. उक्षी रत्नागिरीहून जवळ, कोकण रेल्वेचं स्टेशनच आहे त्या नावाचं. तिथेही हत्तीच आहे, आणि गावाने स्वतः पुढाकार घेऊन भोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण घातलाय, त्यामुळे शिल्पावर कोणी पाय देत नाही आणि गडग्याशी उभं राहून आख्खं चित्र दिसतं. आईंना तेच सोयीचं. मुलीला पहिल्यांदा इथेच न्या, रेषा कशी ओळखायची ते डोळ्याला कळतं.

कशेळीला पावस-पूर्णगड-गावखडी असं किनाऱ्याकिनाऱ्याने या, रस्ता सुंदर आहे आणि कनकादित्याचं देऊळही होईल. हत्ती साधारण १८ मीटर लांब. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत दिसतच नाही हे मुलीला आधीच सांगा, नाहीतर ड्रोनचा फोटो डोक्यात ठेवून येणारी पोरं हिरमुसतात. सोंडेपासून रेषा धरायची आणि तिच्या बाहेरच्या बाजूने चालत सुटायचं, पाठ, शेपटी, मागचा पाय, पोट, असं करत परत सोंडेशी आलं की मग कळतं केवढं काढून ठेवलंय. त्याच्या पोटात परत छोटी छोटी चित्रं आहेत, जमिनीवरचे प्राणी आहेत, पाण्यातले आहेत, ती शोधण्यात पोरांचा तास सहज जातो.

जायच्या आधी वाडीत विचारा, हे महत्त्वाचं. बरेचसे सडे खाजगी मालकीचे आहेत, कोणाच्या तरी बागेतून नाहीतर पाणंदीतून वाट जाते. विचारलंत तर माणूस स्वतः बरोबर येतो, त्याच्या हातावर योग्य ते पैसे ठेवा.

जांभा_दगड
वयाबद्दल मी लिहितो, पुरातत्त्वात एमए केलंय. अडचण अशी आहे की उघड्या कातळावर कोळसा, हाड, बी असं सेंद्रिय काही शिल्लक राहत नाही आणि कार्बन डेटिंगला तेच लागतं, त्यामुळे रेषेचं थेट वय काढता येत नाही. मग आडून जावं लागतं, आसपास सापडणारी दगडी हत्यारं बघायची, कोरण्याची पद्धत बघायची आणि कुठले प्राणी काढलेत ते बघायचं. काही ठिकाणी गेंडा आहे. आज कोकणात गेंडा म्हटलं की लोक हसतात, पण गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीच्या आधीच्या शिकारी माणसांच्या वस्तीच्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालंय, म्हणजे पश्चिम भारतात हा प्राणी एकेकाळी होता आणि माणसाच्या ओळखीचा होता. आणखी एक बघा, नांगर, बैलगाडी, शेतीचं काही या चित्रांत सहसा दिसत नाही, प्राणी, मासे, पक्षी, माणसं आणि भौमितिक चौकटी दिसतात. म्हणून शेतीच्या आधीच्या शिकारी-मासेमारी करणाऱ्या लोकांचं हे काम असावं असं बरेच अभ्यासक मानतात, आणि दहा हजार वर्षांच्या आसपासचा आकडा तिथून येतो. मुलीला तो अंदाज म्हणूनच सांगा आणि अंदाज कशावरून बांधला तेही सांगा, आठवीतल्या मुलीला हे नीट समजतं.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत यातली नऊ ठिकाणं गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ. पिनांच्या गर्दीत गोंधळ होत असेल तर हीच नावं धरून चाला. मला स्वतःला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते बारसू, मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना दोन वाघ, असा विषय इतक्या जुन्या माणसाला का सुचला असेल हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

सड्यावरचा
देवाचे गोठणेला गेलात तर होकायंत्र न्या, मुलीला मजा येईल. तिथल्या मानवाकृतीवर होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. आणि देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच मोठी चौकोनी आकृती आहे, आईंचं देवदर्शन आणि तुमचं शिल्प एकाच थांब्यात.

मीनल_डोंबिवली
केवढी माहिती दिलीत, मनापासून आभार! एक शंका, यूट्यूबवर बघितलं की लोक रेषा खडूने गिरवून घेतात, मग फोटोत छान उठून दिसतं. मुलीला प्रोजेक्टसाठी फोटो हवेत, तसं केलं तर चालतं का? नंतर पाण्याने धुऊन टाकू.

गोंयकार_वाचक
कृपा करून नको. जांभा सच्छिद्र असतो, खडू, चुना, रंग त्या भोकांत जाऊन बसतो आणि वरवर धुतल्याने निघत नाही. घासलं तर त्याहून वाईट, वरची काळपट पुटं जातात. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे गिरवणारा आपल्याला दिसली तशी रेषा ओढतो, तो चुकला की पुढचा माणूस तीच चुकीची रेषा खरी समजतो. आमच्याकडे गोव्यात कुशावती नदीच्या काठाला पणसाईमळ म्हणजे उसगाळीमळ आहे, वर यादीत फणसामळ म्हटलंय तेच, १९९३ मध्ये ते बाहेरच्या जगाला कळलं. बैल, हरणं, मोर आणि एक गोल गोल चक्रव्यूह आहे. तो चक्रव्यूह बघताना प्रत्येकाला बोटाने वाट शोधायचा मोह होतो, माझा मुलगाही खाली बसला होता, त्याला म्हटलं बोट हवेत फिरव, दगडाला लावू नकोस. फिरवलं त्याने तसंच, आणि वाट सापडलीही.

जांभा_दगड
+१. आणि खडूची गरजच नाही ताई, वेळ बदला. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं तेव्हा खाचेत सावली पडत नाही आणि सगळा सडा एकसारखा दिसतो, लोक म्हणतात काहीच नाही इथे आणि निघून जातात. सकाळी नऊच्या आत नाहीतर चारनंतर जा, ऊन तिरकं आलं की खाचेची एक कड काळी होते आणि चित्र आपोआप वर येतं. ढग असतील तर मोबाईलचा टॉर्च जमिनीला जवळपास टेकवून आडवा धरा, दुसऱ्याने फोटो काढायचा. फोटोत मोजपट्टी नाहीतर पेन ठेवायला सांगा मुलीला, प्रोजेक्टमध्ये आकार कळायला लागतोच.

सड्यावरचा
चारनंतर जाणार असाल तर परतीच्या वाटेचा विचार आधीच करून ठेवा, डिसेंबरात सहालाच अंधार पडतो, सड्यावर दिवा नाही आणि रेंजचा भरवसा नाही. उक्षीला सकाळी, कशेळीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी असं बसवा. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, वर सावलीला एक झाड मिळायचं नाही.