मदत हवी आहे: वर्डच्या फायलींतून साफ वेबपान कसं काढावं?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी वऱ्हाडी म्हणींच्या 40 वर्ड फायली वेबवर टाकायच्या आहेत. 'सेव्ह ॲज वेब पेज' केलं तर दोन ओळींच्या म्हणीमागं पानभर कोडचा कचरा, परिच्छेदागणिक 'एमएसओनॉर्मल' हे वर्डचं शैलीनाव चिकटलेलं. त्यातल्याच 'फिल्टर्ड' पर्यायानं जरासा कमी झाला, इतकंच. पॅनडॉक या फायली रूपांतरित करणाऱ्या प्रोग्रामनं एचटीएमएल (वेबपानाचा कोड) एकदम साफ निघालं. खुश झालो, अन् पाहतो तर अर्ध्या फायली कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातल्या! 'क'च्या जागी इंग्रजी 'डी', 'र'च्या जागी 'जे'. कन्व्हर्टरात चिकटवून युनिकोड (कुठंही नीट दिसणारी देवनागरी) केलं, तर ठळक अक्षरं अन् तक्ते गायब.

वर्डमध्येच, फक्त कृतिदेवाचा मजकूर युनिकोड करून बाकी मांडणी तशीच ठेवणारं मॅक्रो (वर्डमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) कोणाजवळ आहे का?